त्यांचं त्यांना कळतं का?

"मला काय धाड भरलीय? चांगली ठणठणीत आहे मी!" हे वाक्य तुमच्या घरी कुणाच्या तोंडी आहे का हो? असेल, तर हातातली भाजी जरा बाजूला ठेवा आणि हे वाचा. नसेल तरी वाचाच. सासूबाई, आई, आत्या, शेजारच्या काकू, कुणी ना कुणी आपल्या वाट्याला येतंच. आणि आपणही काही कायम चाळिशीच्या आत राहणार नाही!

म्हातारपणचं विसरणं आपल्याला नवं नाही. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, हे प्रत्येक घरात चालतं. मी लिहिणार आहे ते विसरणं निराळं. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं एक, आणि चष्मा हातात घेऊन "हे काय असतं गं?" असं विचारणं दुसरं. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आपल्या देशात झालेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या माणसांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे हे शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचं दुखणं नव्हे, आपल्या शेवगाव-पाथर्डीकडच्या म्हातारीचंही आहे.

या आजाराची लक्षणं, औषधं याबद्दल अधूनमधून छापून येत असतं. मला आज एकाच प्रश्नाबद्दल बोलायचंय. गेली तीन वर्षं तो आमच्या घरात रोज उभा राहतो. ज्या माणसाला हा आजार झालाय, त्याला तो झाल्याचं कळतं का? आणि कळतंय की नाही, हे बाकीच्यांनी ओळखायचं कसं?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सरळ विचारावं! विचारून बघा म्हणजे समजेल.

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, पंचाहत्तरीच्या पुढच्या. जन्म खेड्यातला, शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं आयुष्य शेवगाव तालुक्यातल्या शेतावर. मामंजी गेल्यावर आमच्याकडे नगरला, सावेडीला राहायला आल्या. हिशेब सगळा तोंडी. बाजारातून आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आत कुणी किती पैसे जास्त लावले ते सांगून मोकळ्या. मी बी.ए. झालेली, एका शाळेत अर्धवेळ शिकवते, पण हिशेबात त्यांच्यापुढे माझी पाटी कोरीच!

अशा माई एके दिवशी चहात दोनदा साखर घालायला लागल्या. मग तेच तेच विचारायला लागल्या. मग एके दिवशी आपल्या पत्र्याच्या डब्यातले पैसे गेले म्हणाल्या. कुणी नेले? तर मी!

ज्यांच्यावर असा आळ आला असेल त्यांनाच त्यातलं दुखणं कळेल. घरात धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईसमोर, वरच्या मजल्यावरच्या काकूंसमोर, फोनवर नणंदेला, "सूनबाईनं माझे पैसे काढले." पैसे सापडले गादीच्या खोळीत. त्यावर माईंचं उत्तर, "मी कशाला तिथं ठेवीन? तूच आणून ठेवलेस."

नंतर डॉक्टरांकडून समजलं की हा आळ या आजारात घरोघरी येतो, आणि त्याचं कारण आपल्या प्रश्नातच आहे. बघा, वस्तू जागेवर नाही हे माईंना दिसतं. ती आपण हलवली हे आठवत नाही. आपल्याला आठवत नाही, हे मात्र त्यांना ठाऊकच नाही. मग हिशेबानं पुढं जायचं तर उत्तर एकच उरतं की कुणीतरी घेतली. आणि 'कुणीतरी' म्हणजे घरात दिवसभर वावरणारी बाई. माईंचं तर्कशास्त्र अगदी पक्कं होतं, फक्त आपली आठवण पक्की आहे हे त्यांनी धरलेलं गृहीतच निसटलेलं होतं.

या न कळण्याला डॉक्टरी भाषेत एक लांबलचक नाव आहे, अ‍ॅनोसोग्नोसिया. आजाराचं भान नसणं, एवढाच त्याचा अर्थ. १९१४ साली पॅरिसमधल्या बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी ते रूढ केलं, तेसुद्धा पक्षाघाताच्या रुग्णांबद्दल. डावं अंग लुळं पडलेलं, पण रुग्णाला त्याचं काहीच नाही. हात उचला म्हटलं की न उचलताच स्वस्थ बसायचं, आणि तक्रार विचारली तर त्या हाताचं नावही नाही. मेंदूचा जो भाग आपल्यावर देखरेख ठेवतो तोच दुखावला, तर दुखावल्याची खबर द्यायला कोण उरणार? स्मृतिभ्रंशातही पुष्कळदा असंच घडतं.

पण सगळ्यांचंच असं होतं का? नाही, आणि म्हणून तर हा प्रश्न अवघड. ज्या डॉक्टर अल्झायमरांच्या नावानं हा आजार ओळखला जातो, त्यांची पहिली रुग्ण ऑगस्टे डेटर नावाची जर्मन गृहिणी होती. तुमच्या-माझ्यासारखी घर सांभाळणारी. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात तिला आणलं तेव्हा ती ५१ वर्षांची होती. डॉक्टरांनी तिला नाव लिहायला सांगितलं, ते तिला पुरं करता येईना. त्या प्रसंगी आपण स्वतःच हरवलो आहोत अशा अर्थाचं काही ती बोलली, अशी नोंद आहे. आडनाव आठवत नाही, पण आपण हरवलोय हे मात्र समजतंय! मला तर हे वाचून रात्री झोप आली नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये आपल्याला अल्झायमर झाल्याचं स्वतःच्या हातानं पत्र लिहून देशवासीयांना कळवलं होतं. त्यांनाही कळत होतं. मग माईंनाच का कळू नये?

माईंना डॉक्टरांकडे न्यायचं हेच मोठं काम होतं. "गुडघे दाखवून येऊ" म्हटलं तेव्हा निघाल्या. डॉक्टरांनी हसत विचारलं, "काय आजी, काय त्रास?"

"मला काही नाही बाबा. हिलाच विसरायला होतं, हिला बघा." माझ्याकडे बोट!

डॉक्टरांनी हळूहळू प्रश्न विचारायला सुरुवात केली. आज वार कोणता, जेवायला काय होतं, नातवंडं किती. प्रत्येक प्रश्नाला माई आधी माझ्याकडे मान वळवायच्या. मी गप्प बसले की म्हणायच्या, "आता ते हिला ठाऊक, मी कशाला डोक्यात ठेवू?" डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की ही मान वळवणं जाणते डॉक्टर मुद्दाम टिपून ठेवतात. तोंडानं 'मला सगळं आठवतं' म्हणणारी मान मदतीसाठी शेजारी वळते.

एक गंमत सांगते. "आजी, जिल्हा कोणता?" असा प्रश्न आला. माई ताडकन म्हणाल्या, "नगर." शेजारी बसलेल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंचं पेन थबकलं. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, त्याआधी अहमदनगर होतं, आणि आजी म्हणतात नगर! मोठ्या डॉक्टरांनी बरोबरची खूण करायला लावली. म्हणाले, अर्ध्या शहराला नापास करावं लागेल. गंमत सोडा, पण मुद्दा खराच आहे. शाळा न शिकलेल्या बाईला 'शंभरातून सात वजा करत चला' म्हणून आजार ठरवणं हा अन्याय आहे. हरियाणातल्या बल्लभगडकडच्या खेड्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी हिंदीतून वेगळी प्रश्नावली तयार केली गेली, ती याच कारणासाठी. तुमच्या माणसाची तपासणी होताना तुम्हीही एवढं लक्ष ठेवा, की विचारलेलं त्यांना आयुष्यात कधी येत तरी होतं ना?

त्याच दिवशी रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व. हे आवर्जून सांगते, कारण या दोन्हींच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फारच दिसतं. डोक्याला मार लागून आत रक्त साचणं, मनाची उदासी, काही औषधं, ही आणखी कारणं. म्हणून 'वय झालं' म्हणून घरी बसू नका. आमच्या माईंचं मात्र यातलं काही निघालं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तीच प्रश्नावली तिघांना वेगवेगळी विचारली. माईंना, ह्यांना आणि मला. अशा प्रश्नावल्यांत तीसेक प्रश्न असतात. पैसे मोजताना चुकतं का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो का, फोनवरचा निरोप लक्षात राहतो का, चिडचिड वाढली का. रुग्णाचे गुण आणि घरच्या माणसानं दिलेले गुण यांतलं अंतर जेवढं मोठं, तेवढं आजाराचं भान कमी, असा त्यांचा हिशेब. आणखी एक रीत आहे. आधी विचारायचं, "मी दहा वस्तूंची नावं सांगणार, तुम्हाला किती आठवतील?" मग नावं सांगून खरंच किती आठवतात ते बघायचं. माई म्हणाल्या, "दहाच्या दहा." आठवल्या दोन. गंमत अशी की दोन आठवल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पदरानं त्यांनी उगाच तोंड पुसलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, "मला सगळ्या आल्या की!" तोंडाला ठाऊक नव्हतं, पदराला ठाऊक होतं. अभ्यासकसुद्धा हेच सांगतात, की वर वर काही कळत नाही असं वाटणाऱ्या माणसालाही आत कुठंतरी चुकल्याचा चटका बसत असतो.

पण खरा गोंधळ निराळाच झाला. ह्यांनी दिलेले गुण आणि मी दिलेले गुण जुळेनात! ह्यांच्या मते आईला 'थोडंसं' विसरायला होतं. माझ्या मते पुष्कळ. आमचं घरी परतताना रिक्षात चांगलंच वाजलं. "तू आईला वेडी ठरवायला निघालीस" इथपर्यंत मजल गेली. डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं. ते म्हणाले, दोघंही खरं बोलताय. ह्यांना आई दिसते रविवारी सकाळी अंघोळ करून, गंध लावून बसलेली. मला दिसते संध्याकाळी सातला, 'घरी जायचं' म्हणून पिशवी भरून दारात उभी असलेली. या आजारात दिवस कलला की गोंधळ वाढतो हे ठरलेलंच. शिवाय जो दिवसरात्र करतो तो थकलेला असतो, थकलेल्याला दोष जास्त दिसतात. आणि जो लांब असतो त्याला आपली आई अजून जुनीच दिसत असते. म्हणून मोजणारे डॉक्टर घरच्यांच्या उत्तरांकडेही डोळे उघडे ठेवून बघतात. बहिणींनो, तुमच्या घरी हा वाद झाला तर नवऱ्याशी भांडण्यापूर्वी घड्याळ बघा. तो कोणत्या वेळची आई सांगतोय, तुम्ही कोणत्या वेळच्या सासूबाई सांगताय?

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे समजणं, की 'कळतं' आणि 'कळत नाही' असे दोनच कप्पे नाहीत. एक असतं खरोखरच न कळणं. दुसरं असतं कळतं पण मानायचं नाही. आपण नाही का, छातीत दुखलं तरी गॅसेस म्हणून आल्याचा रस घेतो! तिसरं कळणं लपवणं. लाजेनं, घरातली सत्ता जाईल या भीतीनं. माई पाहुणे आले की नाव घेऊन बोलवायच्या नाहीत, "ये गं बाई, ये गं लेकी" एवढंच. कुणाला वाटावं किती माया! नाव आठवत नाही हे झाकायची ती युक्ती होती, आणि युक्ती करतो त्याला काहीतरी कळत असतंच. बाजारात एकटीनं जाणं त्यांनी आपण होऊन बंद केलं. विचारलं तर "ऊन फार आहे", पावसाळ्यातसुद्धा!

आणि एकाच माणसाला एका गोष्टीचं कळतं, दुसऱ्या गोष्टीचं नाही. गुडघे दुखतात हे माईंना नेमकं सांगता येतं. हात थरथरतो हे ठाऊक आहे. आठवण गेली हे मात्र नाही. याचं एक कारण मला फार पटलं. आपण स्वतःबद्दलची माहिती रोज नकळत ताजी करत असतो. आज भाकरी करपली, काल पत्ता चुकला, म्हणजे आता आपल्याला पूर्वीसारखं जमत नाही, हे मनात नोंदवलं जातं. नवीन नोंदच होत नसेल, तर मनातली आपली जुनी मूर्ती तशीच राहते. माईंच्या मनातली माई अजून दहा माणसांच्या भाकऱ्या थापणारी आहे. तिला "तुम्हाला गॅस लावायचा नाही" म्हटलं की ती खवळणार नाही तर काय करेल? तुम्हाला-मला उद्या कुणी उठून सांगितलं तर?

यातलं उलटंही घडतं. हुलग्याची शेंगोळी करायची म्हणजे काय काय घ्यायचं हे माईंना सांगता येत नाही. पण मळलेलं पीठ पुढ्यात ठेवलं की हात आपोआप वळायला लागतात, एकसारखी, बोटाएवढी, पाटावर फटाफट. हाताच्या सवयी या आजारात पुष्कळ दिवस टिकतात. मी पीठ मळून देते, गॅस मीच लावते. जेवताना ह्यांना सांगते, "आज शेंगोळी माईंनी केली." खोटं तर नाही ना ते?

आता जमिनीची गोष्ट सांगते, कारण 'कळतं की नाही' हा नुसता डॉक्टरांचा प्रश्न नाही हे मला तेव्हा समजलं. गावाकडची थोडी जमीन माईंच्या नावावर आहे. दोन वर्षांपूर्वी थोरले भाऊजी वाटणीचे कागद घेऊन आले. वेळ दिवेलागणीची. भाऊजींच्या मनात पाप नव्हतं, त्यांना रात्रीच्या गाडीनं परतायचं होतं एवढंच. पण मला धस्स झालं. सकाळीच माईंनी दुधाचं पातेलं गॅसवर जाळून कोळसा केलं होतं आणि "मी आज स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. या बाईनं सही करायची? सुनेनं मध्ये बोलावं तर 'हिचा डोळा जमिनीवर' असं होणार. ह्यांचंही तोंड उघडेना.

माईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. म्हणाल्या, "या वक्ताला माझं डोकं जाग्यावर नसतं रे बाबा. सकाळी वाचून दाखव. आणि पोरींना बोलव."

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो! ज्यांना काही कळत नाही असं आम्ही तीन प्रश्नावल्या भरून ठरवलं होतं, त्यांना आपलं डोकं कोणत्या वेळी चालतं आणि कोणत्या वेळी नाही, हे ठाऊक होतं. भाऊजी राहिले. दोन दिवसांनी नणंदा आल्या. सकाळी नऊला कागद वाचून दाखवला. माईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "विहिरीचं पाणी कुणाच्या वाट्याला?" ते कागदात लिहिलेलंच नव्हतं.

ओळखीच्या वकिलांना आम्ही विचारलं. त्यांनी सांगितलं की १८७२ च्या करार कायद्यातच याची सोय आहे. एरवी ज्याचं चित्त ठिकाणावर नसतं पण मधूनमधून ठिकाणावर येतं, अशा माणसाला चित्त ठिकाणावर असताना करार करता येतो. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला हे सुचलं याचं मला नवल वाटलं. कागद पुन्हा झाला, पाण्याच्या पाळीसकट, आणि सही त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घेऊन, सगळ्या भावंडांसमोर. तुमच्या घरी असं काही करायचं असेल तर आजार हलका असतानाच करा, सकाळी करा, आणि एकट्या मुलासमोर किंवा एकट्या सुनेसमोर मुळीच करू नका. मागाहून भांडणं कोर्टात जातात तेव्हा तोंड फक्त सुनेचं काळं होतं.

सुनेचं म्हटल्यावर आठवलं. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता, तो २००१ साली छापून आला. त्यांनी लोकांना स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं वर्णन ऐकवलं. लोकांनी लक्षणं लगेच ओळखली, पण हा आजार आहे असं कुणाला वाटेना. एक तर म्हातारपण, नाहीतर मुलं-सुना नीट बघत नाहीत म्हणून झालेली दशा, असं लोकांचं म्हणणं पडलं. आपल्याकडे तरी काय वेगळं? 'साठी बुद्धी नाठी' म्हणायचं, 'म्हातारचळ' म्हणून हसायचं, आणि हसून झालं की सुनेकडे बघायचं. त्याच गोव्यात पुढे डॉ. अमित डायस यांच्या गटानं घरोघरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आजार समजावून सांगणारी, वागायचं कसं हे शिकवणारी माणसं नेमून बघितली. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यामुळे कमी झाला. महागडं औषध नाही, यंत्र नाही, नुसतं कुणीतरी घरी येऊन नीट सांगितलं! आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिकवून केवढं काम उभं केलं. बाळंतपणाला जे जमलं ते म्हातारपणाला का जमू नये, असं माझ्या मनात येतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट मिळाला तर अवश्य बघा, आणि नवऱ्यालाही शेजारी बसवा. संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना हा आजार होतो, हत्तीच्या मागे चालत जाऊन ते हरवतात. डॉ. मोहन आगाशे यांनी हे काम केलंय, ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोत त्या वृद्ध पंडिताला आई दिसते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट संपल्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून माईंच्या खोलीत जाऊन बसले.

तुम्हाला घरी नेमकं काय बघता येईल, ते सांगते. एकदम "तुम्हाला विसरायला होतं ना?" असं तोंडावर विचारू नका, नाही हेच उत्तर येणार. "हल्ली काही जड जातंय का? कशात मदत करू?" असं सकाळच्या निवांत वेळी विचारा. उत्तरापेक्षा वागणं बघा. कोणतं काम त्यांनी आपण होऊन सोडलं? कोणत्या प्रश्नाला त्या रागावतात, कोणत्याला हसून विषय बदलतात? चुकल्यावर चेहरा कसा होतो? आणि सोबत वेळ लिहून ठेवा. मी कॅलेंडरवरच लिहिते, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. डॉक्टरांना ते फार उपयोगी पडलं.

ज्यांना कळत नाही त्यांना पुराव्यानिशी पटवत बसण्यात काही हशील नाही. जळलेलं पातेलं पुढ्यात धरून "हे बघा, तुम्हीच केलं" म्हणण्यानं आठवण परत येत नाही, फक्त म्हातारं माणूस रडतं किंवा मारायला उठतं. गॅसची कळ बंद ठेवायची, औषधाचा डबा कुलपात, माणूस बाहेर गेलं तर सापडावं म्हणून गळ्यात फोन नंबरचं पदक. आमच्या माईंच्या पदकावर पुढं विठोबा आहे, मागं ह्यांचा नंबर. विठोबा आहे म्हणून त्या काढत नाहीत. पैशांच्या बाबतीत मी पाच रुपयांची नाणी आणि थोड्या दहाच्या नोटा डब्यात ठेवते आणि गेल्या की पुन्हा ठेवते. आळ यायचा थांबला नाही, पण कमी झाला. आला तरी आता मी "चला, दोघी मिळून शोधू" म्हणते.

ज्यांना कळतं, त्यांची काळजी निराळी. सुरुवातीला ज्यांना आपली आठवण जातेय हे स्वच्छ दिसतं, त्यांच्यात उदासी येऊ शकते. जेवण कमी होणं, झोप उडणं, 'आता मी कशाला' अशी भाषा असेल तर 'वयामुळे' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तुमचं स्वतःचं मन थकलं असेल तरीही फोन करायला हरकत नाही. ही सोय फक्त 'पेशंट'साठी नाही.

आजाराचं नाव सांगावं की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नणंदांचं म्हणणं, कशाला त्या जिवाला घोर. माझं मत असं की त्यांनी विचारलं तर लपवू नये आणि विचारलं नाही तर लादू नये. डिमेन्शिया हा शब्द माईंना सांगून काय उपयोग? त्यांना कळेल अशाच शब्दांत सांगायला हवं.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांची वेणी घालत होते. बराच वेळ गप्प होत्या. मग आरशात न बघताच म्हणाल्या, "माझं हे विसरायचं वाढलंय का गं?"

माझा हात क्षणभर थांबला. म्हटलं, "हो माई, थोडं वाढलंय."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतात, आजारच आहे तो. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मग वही आण. काळ्या मसाल्याचं लिहून घे. धाकटीलाही दे."

मी वही आणली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. धने पहिल्यांदा एक किलो सांगितले, मसाला संपत आल्यावर पुन्हा धन्यांवर आल्या तेव्हा दीड. मी दोन्ही लिहून घेतले. दगडफूल किती, यावर मात्र त्या अडून बसल्या, "मुठीत मावेल तेवढं, ते काय मोजायचं असतं?" आणि मूठ मिटून मला दाखवली.